प्रवाळांचा महाविलोप आणि उमरेडचा कोळसा

भंडारा जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने प्रवाळांवर लेख लिहावा, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. समुद्र इथून शेकडो मैल दूर! आपल्यापैकी बहुतेकांनी पोवळे पाहिले असेल ते आजीच्या माळेत, नाहीतर मंगळाच्या अंगठीत. (ते तांबडे पोवळे प्रवाळभित्ती बांधणाऱ्यांच्या कुळातले नव्हे, पण ते असो.) शिवाय चिखल्याच्या मँगॅनीजच्या खाणीत कितीही शोधले तरी प्रवाळाचा जीवाश्म हाती लागायचा नाही, कारण ते खडक बनले तेव्हा प्रवाळ जन्मालाच आले नव्हते. परंतु पवनीहून भिवापूरमार्गे उमरेडला गेले, की जमिनीखाली जो दगडी कोळसा आहे तो पर्मियन काळातला. याच काळाच्या अखेरीस जुन्या प्रवाळांचा निर्वंश झाला.

हे जुने प्रवाळ दोन घराण्यांचे. रुगोजा हे बहुधा शिंगाच्या आकाराचे, तर टॅब्युलाटा मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. वीस कोटींहून अधिक वर्षे त्यांनी समुद्रात संसार केला. रुगोजांच्या अंगावर बारीक वाढरेषा असतात. जॉन वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ साली डेव्होनियन काळातल्या प्रवाळांवरील या रेषा मोजल्या, तेव्हा एका वर्षाच्या वाढीत सुमारे ४०० रेषा भरल्या. म्हणजे त्या वेळी वर्षाचे दिवस ४००! पृथ्वी तेव्हा स्वतःभोवती अधिक वेगाने फिरत होती. एवढ्याशा प्राण्याने लिहून ठेवलेले हे पंचांग वाचून मी तर थक्क झालो.

सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात जमीन फाटून लाव्हाचे पूर आले. नागपूरची सीताबर्डीची टेकडी ज्या बेसाल्टची आहे, त्याच जातीचा हा खडक. मात्र काळ फार आधीचा. या तप्त रसाने वाटेतले कोळशाचे थर जाळले. कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात गेला, उष्ण कटिबंधातले समुद्र सुमारे १० अंशांनी तापले, पाण्यातला प्राणवायू घटला आणि पाणी आम्लतेकडे झुकले. समुद्रातल्या दर दहा जातींपैकी आठ-नऊ नष्ट झाल्या. प्रवाळ त्याआधीच, सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीच्या एका संकटाने खिळखिळे झाले होते. या दुसऱ्या घावानंतर रुगोजा आणि टॅब्युलाटा यांपैकी कोणीही उरले नाही.

जमिनीवरची साक्ष मात्र आपल्याच परिसरात आहे. कामठीच्या वालुकाश्मात ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे सापडतात. स्टीफन हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी नागपूरभोवती जमवलेल्या अशा वनस्पतींचे वर्णन बनबरी यांनी १८६१ साली प्रसिद्ध केले. आपला कोळसाही मुख्यतः याच जंगलांचा. तीही या महाविलोपात संपली.

त्यानंतर सुमारे एक कोटी वर्षे प्रवाळांचे जीवाश्मच आढळत नाहीत. मग एकाएकी ट्रायासिक काळाच्या मध्यात नवे प्रवाळ दिसू लागतात. आजचे सर्व भित्तीबांधे प्रवाळ, स्क्लेरॅक्टिनिया, त्यांचेच वंशज. त्यांच्या पडद्यांची मांडणी सहाच्या पटीतली, जुन्या रुगोजांची चारच्या हिशोबाची. शिवाय सांगाड्याचे खनिजही निराळे. तेव्हा हे रुगोजांचे थेट वारस नव्हेत, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. मग मधल्या काळात यांचे पूर्वज होते कुठे?

या प्रश्नावर इस्रायलमधला एक प्रयोग प्रकाश टाकतो. फाइन आणि चेर्नोव्ह यांनी जिवंत प्रवाळ वर्षभर आम्लतर पाण्यात ठेवले. त्यांचे सांगाडे विरघळले, पण आतले मऊ जीव उघडेच जगत राहिले, आणि पूर्ववत पाण्यात आणताच त्यांनी सांगाडे पुन्हा बांधले. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा नव्या प्रवाळांचे पूर्वजही असेच बिनसांगाड्याचे, म्हणून जीवाश्म न ठेवता तगले असावेत, हा तर्क मला पटतो. मात्र प्रवाळ तगले म्हणजे भित्ती तगली असे नव्हे. भित्तीच्या कपारीत राहणाऱ्या मासोळ्यांना उघड्या प्रवाळाचा काय आसरा?

पुढे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या दख्खनवर लाव्हा पसरत असतानाच मेक्सिकोत अशनी आदळला आणि डायनोसॉर गेले. प्रवाळांनाही तेव्हा जबर फटका बसला. सूर्यप्रकाशावर वाढणारी शैवाले अंगात बाळगणारे प्रवाळ अधिक मेले, पण घराणे टिकले.

त्यांचे वंशज आज मालवणच्या समुद्रात आहेत. पाणी थोडे जरी जास्त तापले तरी ते ही शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. आणि उमरेडचा कोळसा आपण खणून काढतच आहोत, वीजकेंद्रांत जाळण्यासाठी.