‘दिसला नाही’ हीसुद्धा नोंदच
(माघ-फाल्गुनातलं पक्षीनिरीक्षण : एक अभ्यासपाठ)



शिवरात्र जवळ आली की आपल्या भागातली थंडी ओसरायला लागते. शिवारातली मसूर निघालेली असते, पांगारा आणि काटेसावर फुलू लागतात, दुपारच्या उन्हाला चटका येतो. पक्षी पाहायला शिकायचं असेल तर सुरुवात याच दिवसांत करावी. हिवाळी पाहुणे परतीच्या तयारीत असतात, आणि इथले कायमचे रहिवासी जोडीदार शोधण्याच्या, घरटी बांधण्याच्या मागे लागलेले असतात. जाणारे आणि राहणारे एकाच बांधावर, एकाच तारेवर दिसतात. बऱ्याच झाडांची पानं गळलेली असल्यामुळे ते नीट दिसतातही.

पण आपण वाङ्मय मंडळाचे सभासद आहोत. म्हणून या पाठात पक्षी ओळखण्याबरोबरच त्यांच्याविषयी लिहून कसं ठेवायचं, याचाही विचार करू. पक्षी आला हे कळायला डोळे पुरतात. पक्षी गेला हे कळायला मात्र वही लागते.

१. आपला मुलूख

पिरनवाडीच्या नाक्यावरून एक रस्ता खानापूरला जातो आणि दुसरा जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे. या एवढ्याशा टापूत पक्ष्यांची तीन वेगळी घरं आहेत.

पहिलं घर म्हणजे शिवार आणि माळ. मच्छे, येळ्ळूर, राजहंसगडाचा उतार हा सगळा भाग त्यात येतो. भातकापणीनंतरची मोकळी रानं आणि खुरटं गवत इथे आहे. चंडोल, गप्पीदास, टिटव्या, गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्या ससाणे हे इथले पक्षी.

दुसरं घर नदीकाठचं. राकसकोपचं पाणी घेऊन येणारी मार्कंडेय बेळगावच्या उत्तर अंगाने वाहत जाऊन पुढे गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा खानापूरकडे येते. निपाणीकडच्या मित्रांना वेदगंगा आणि दूधगंगा जवळ. या काठांवर खंड्या, धोबी, शेपटी वरखाली हलवत चालणारा तुतवार आणि ढासळत्या दरडीत बीळ करणारा वेडा राघू सापडतो.

तिसरं घर जांबोटीच्या पुढे सुरू होणारं घाटाकडचं दाट रान. तिथे धनेश आहे. याच सुमारास धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. उरते ती फक्त एक फट. त्या फटीतून नर तिला, आणि पुढे पिल्लांनाही, खाऊ घालत राहतो. म्हणून उंबर, वड अशी फळझाडं आणि ढोली असलेली जुनी झाडं यांतलं एक जरी तुटलं तरी धनेशाचा संसार उभा राहत नाही.

२. एकाच कुंपणावरचे दोघे

आता एक छोटा धडा. माळाच्या कडेला काटेरी कुंपणावर चिमणीएवढा काळा पक्षी बसलेला असतो. पंखांवर पांढरा पट्टा, बुडाशी पांढरं. हा कवड्या गप्पीदासाचा नर. त्याच कुंपणावर थोड्या अंतरावर दुसरा बसतो. डोकं काळसर, मानेच्या बाजूला पांढरा डाग, छाती नारिंगी. हाही गप्पीदासच, पण परदेशी. थंडीत उत्तरेकडून येतो.

बसण्याची ढब एकच, किडा दिसला की खाली झेपावून परत जागेवर यायची पद्धत एकच. फेब्रुवारीच्या शेवटी मात्र दोघांचे रस्ते वेगळे होतात. कवड्या गप्पीदास गाऊ लागतो, त्याची मादी गवताच्या काड्या नेताना दिसते, बांधाच्या किंवा भिंतीच्या भोकात घरटं होतं. दुसरा गात नाही, काडी उचलत नाही. तो फक्त खातो. त्याला पुढच्या लांबच्या उडण्यासाठी अंगात चरबी साठवायची असते.

याला सूचना कोण देतं? मुख्यतः दिवसाची लांबी. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरातले स्राव बदलतात, भूक वाढते, काहींची पिसंही बदलतात. म्हणूनच डिसेंबरात मळकट दिसणारा पिवळा धोबी मार्चमध्ये हळदीने माखल्यासारखा होतो. जाताना तो सर्वांत देखणा असतो.

बायबलमध्ये यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात (अध्याय ८, वचन ७) करकोच्याचा दाखला आहे. आकाशातल्या पक्ष्याला आपली नेमलेली वेळ कळते, माणसांना मात्र देवाचा नियम कळत नाही, असं संदेष्टा सुनावतो. तोच पांढरा करकोचा थंडीत दख्खनमध्येही येतो. गोकाक तालुक्यात धुपदाळच्या जलाशयाभोवतीचं घटप्रभा पक्षी अभयारण्य अशा करकोच्यांसाठी प्रसिद्ध आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मान वर करून त्यांची वेळ लक्षात ठेवली होती, एवढं त्या वचनावरून नक्की कळतं.

३. शेवटचा दिवस

पळसमैना, म्हणजे आपल्या भोरड्या, ऑगस्ट-सप्टेंबरपासून येऊ लागतात. गुलाबी-काळ्या थव्यांनी ज्वारीवर उतरतात, मग पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर मध प्यायला गर्दी करतात. त्या आल्या की शेतकऱ्यापासून पोरांपर्यंत सर्वांना कळतं. पण त्या गेल्या कधी, हे विचारून बघा. ‘गेल्या असतील उन्हाळ्यात’ असं उत्तर मिळेल.

यात कुणाचा दोष नाही. पहिला दिवस समोर येऊन उभा राहतो. शेवटच्या दिवसाचं तसं नसतं. आज तारेवर थिरथिरा शेपूट हलवत बसला आहे, आणि हा या मोसमातला शेवटचा थिरथिरा आहे हे आज कुणालाच सांगता येणार नाही. ते दहा दिवसांनी कळतं, आणि तेही त्या दहाही दिवसांत कुणी तिथे जाऊन ‘आज दिसला नाही’ असं लिहिलं असेल तरच.

जाणं एका मोसमाचं असो की कायमचं, त्याची रीत हीच. एखादी जात एखाद्या माळावरून नाहीशी होते तेव्हा त्या दिवशी काहीच घडल्यासारखं वाटत नाही.

४. लिहिलेलं राहतं

१८८१ साली ई. ए. बटलर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. ए. ओ. ह्यूम यांच्या घरटी-अंड्यांवरच्या ग्रंथातही बटलर यांच्या बेळगावच्या नोंदी आहेत. कोणत्या तारखेला, कशा झाडावर, किती अंडी, असं सरळ लिहिलेलं. त्या काळची बंदुकीने पक्षी मारून आणि अंडी गोळा करून अभ्यास करायची पद्धत आज आपल्याला पटणार नाही, आणि पटूही नये. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी बेळगावच्या आसपास काय होतं हे आज शोधायचं तर त्या नोंदींकडे जावं लागतं.

आपल्या पणजोबांना हे पक्षी ठाऊक नव्हते असं कसं म्हणायचं? गुरं राखणाऱ्याला टिटवीची जागा ठाऊक होती, नांगर धरणाऱ्याला चंडोल ठाऊक होता. पण ते ज्ञान बोलण्यात राहिलं आणि बोलणाऱ्याबरोबर गेलं. माळढोक एके काळी दख्खनच्या माळांवर सर्रास दिसायचा. आज कर्नाटकात तो बळ्ळारी जिल्ह्यातल्या सिरुगुप्पा भागात मोजकाच उरला आहे.

२०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर एक मोठा अहवाल निघाला. देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या याद्यांवर तो उभा आहे. दीर्घकालीन कल काढता आला अशा ३३८ जातींपैकी २०४ जाती घटल्याचं त्यात दिसतं. गवताळ माळावरचे पक्षी आणि हिवाळी पाहुणे यांची स्थिती विशेष चिंतेची आहे. म्हणजे आपल्या शिवारातले ते दोन्ही गप्पीदास, भोवत्या, चंडोल ज्या जगात राहतात, तेच जग. आपल्याकडे याच दिवसांत माळ पेटवले जातात, नदीच्या दरडी माती-वाळूसाठी खणल्या जातात, रस्त्याकडेची शेतं प्लॉट होतात. चंडोलाचं घरटं जमिनीवर असतं आणि वेड्या राघूचं दरडीत. बाकीचं तुम्हीच जोडून घ्या.

५. नावांची शिदोरी

आपण सीमाभागात राहतो, त्याचा इथे मोठा फायदा आहे. सुतार पक्ष्याला कन्नडमध्ये ‘मरकुटिग’ म्हणतात, म्हणजे झाड ठोकणारा. मराठीने त्याच्या कामात सुतारकी पाहिली, कन्नडने ठोकणं ऐकलं. आपली सुगरण तिकडे ‘गीजग’ होते. टिटवीला मात्र कन्नडातही ‘टिट्टिभ’ म्हणतात, संस्कृतातही तेच. तिने आपलं नाव सगळीकडे स्वतःच सांगितलं. तांबट तांब्याची भांडी ठोकल्यासारखा आवाज काढतो, डोंबारी चंडोल उंच जाऊन कोलांट्या घेत खाली येतो, थिरथिऱ्याची शेपटी थरथरते. आधी कुणीतरी नीट पाहिलं, मगच ही नावं पडली.

मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून अशी नावं गोळा केली आणि ‘पक्षीकोश’ लिहिला. २००६ सालच्या सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पक्ष्यांची नावं गोळा करणं हे मराठीचंच काम आहे, हे त्या निवडीतून दिसलं. आपल्या गावात एखाद्या पक्ष्याला पुस्तकातल्यापेक्षा वेगळं नाव असेल, तर आजीला, गुराख्याला विचारा आणि ते नाव गावासकट लिहून ठेवा.

६. वही कशी ठेवावी

जागा एकच निवडा, घराजवळची. अर्धा-पाऊण तास पुरे. सकाळी लवकर जा. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. एक नमुना देतो :

‘२२ फेब्रुवारी, सकाळी ६.५० ते ७.३५. येळ्ळूर रस्त्याकडचा माळ. वारा नाही. कवड्या गप्पीदास : नर १, मादी १, मादीच्या चोचीत गवताची काडी. पिवळे धोबी अंदाजे १२, म्हशींच्या पायांशी. टिटव्या २, जवळ जाताच ओरडू लागल्या, माघारी फिरलो. तपकिरी लहान पक्षी १, पोटावर रेघा, ओळखला नाही. थिरथिरा दिसला नाही.’

यात चार गोष्टी पाहा. एक, वेळ आणि जागा आहे. दोन, आकडा आहे. ‘खूप’ हा शब्द नाही. तीन, न ओळखलेल्या पक्ष्याला बळेच नाव दिलेलं नाही, त्याचं वर्णन केलं आहे. चार, जो अपेक्षित होता आणि दिसला नाही, त्याचीही ओळ आहे. ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर यादी भरताना ‘ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का?’ असं विचारतात, ते याचसाठी. यादी पूर्ण असेल तर न लिहिलेल्या नावालाही अर्थ येतो.

पथ्यंही पाळा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की अंडी जवळपास आहेत असं समजा आणि मागे फिरा. घरट्याचा फोटो काढू नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत त्याला आणखी एक लढाई लावून देण्यात शहाणपण नाही.

७. लिहिणाऱ्यांसाठी

आपल्या कवितांत कोकिळा गाते. प्रत्यक्षात कुहू कुहू करतो तो काळा नर, कोकीळ. ठिपक्याठिपक्यांची मादी नुसती किक् किक् करते. कवितेने काय करावं हे कवी ठरवील, पण बाहेर काय चाललं आहे हे त्याला माहीत असावं. वहीत ‘सुंदर’, ‘मनोहर’ असे शब्द महिनाभर बंद ठेवून बघा. त्यांच्या जागी रंग, हालचाल, अंतर, आवाज येतील. निबंध असो की कथा, पुढचं लेखन त्यावरच उभं राहतं.

सराव : महाशिवरात्र ते गुढीपाडवा हा सुमारे महिन्याचा काळ घ्या. याच सुमारास ख्रिस्ती मित्रांच्या घरी उपवासकाळ सुरू असतो; त्यांनी राख बुधवार ते ईस्टर घेतला तरी चालेल. एक जागा, एक वही, आठवड्यातून किमान तीन सकाळी. पिवळा धोबी, थिरथिरा आणि भोरडी या तिघांपैकी एकाची निवड करून तो शेवटचा कधी दिसला ते शोधा. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस होणाऱ्या ‘कॅम्पस बर्ड काउंट’मध्ये आपल्या कॉलेजच्या आवाराची यादीही करता येईल, त्याला पंधरा मिनिटं पुरतात.

मंडळाकडे दहा वह्या जमल्या तर पिरनवाडी ते निपाणी या पट्ट्यातल्या एका वसंताची मराठीत लिहिलेली नोंद तयार होईल. पुढच्या वर्षी येणारे विद्यार्थी आपल्या तारखा तिच्याशी ताडून पाहतील.