संपणारं आणि उरणारं

चि. ओंकार यास,


भवानीनगरच्या शेडमध्ये ग्लेझची खोली मांडायला घेतली आहेस आणि तिचं बहुतेक सामान भंगारवाल्याकडून नाहीतर माळ्यावरून आणायचं ठरवलं आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळलं. यादीही वाचली. रवी, चाळण्या, डिस्टेंपरच्या रिकाम्या बादल्या, सांडशी, जुना मिक्सर, खलबत्ता, स्वयंपाकघरातला काटा. आणि त्याच दमात बिअरच्या बाटल्या, फुटक्या बांगड्यांचं पोतं, जुन्या टीव्हीची काच, संपलेले सेल. तुझे बाबा म्हणतील, हे सगळं फेकून दे आणि नवं घे. माझं तसं म्हणणं नाही. नव्या स्टुडिओचे पैसे भट्टीत आणि मातीत जावेत, बादल्यांत नव्हे. पण या यादीत दोन निराळ्या जातींच्या वस्तू शेजारी येऊन बसल्या आहेत. काही वस्तू काम करून मागे उरतात, काही काम करताना संपतात. उरणारी वस्तू कुठूनही आण. संपणारी मात्र पुढच्या वर्षीही तिथूनच, तशीच मिळणार असेल तरच बादलीत घाल.

उरणाऱ्या वस्तूंचं आधी सांगते, कारण तिथे तुझं बरोबर आहे. हत्यार अचूक नसलं तरी पुष्कळदा चालतं, फक्त ते रोज तेच असावं लागतं. ग्लेझ किती घट्ट आहे हे पाहायला खोकल्याच्या औषधाची 100 मिलीची बाटली पुरते. रिकामी तोलायची, खुणेपर्यंत ग्लेझ भरून पुन्हा तोलायची; आतल्या ग्लेझचं वजन 145 ते 150 ग्रॅमच्या दरम्यान आलं की भांडं बुडवायला ते साधारण ठीक असतं. बाटलीवरची खूण खरोखर 100 मिलीवर आहे की 97 वर, याने काही बिघडत नाही, कारण उद्याही तू त्याच बाटलीने मोजणार आहेस. रवीने ग्लेझ उत्तम घुसळलं जातं, मेंदीच्या कोनातून रेघा सुबक येतात, सांडशीने वाटी बुडवता येते. चाळणीचं मात्र पाहून घे. मैद्याची चाळणही ग्लेझला जाडच पडते. इंचाला 80 छिद्रांची जाळी लागते, ती नवी आणून जुन्या चाळणीच्या कड्यात ताणून बसव.

दोन-तीन ठिकाणी उरणारी वस्तूही दगा देते. राखेचं ग्लेझ अॅल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नकोस. राखेतला क्षार अॅल्युमिनियमला खातो, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि पातेल्याचा अंश ग्लेझमध्ये उतरतो. प्लास्टिकची बादली त्याहून कितीतरी बरी. लोखंडी खलबत्त्यात कुटलेल्या पांढऱ्या ग्लेझवर तपकिरी ठिपके उठतात. आणि काटा! 100 ग्रॅमच्या चाचणीत कोबाल्ट ऑक्साइड अर्धा ग्रॅम घालायचं असतं. ग्रॅमभर इकडेतिकडे दाखवणारा घरगुती काटा त्या अर्ध्याचा दीड करून ठेवेल आणि आकाशी निळ्याऐवजी काळपट शाई हाती येईल. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा नवा घे, त्यात काटकसर नको.

आता संपणाऱ्या वस्तू. बांगड्यांचं पोतं दिसायला मोहक आहे, पण त्यात किती कारखान्यांची, किती वर्षांची काच आहे आणि तिच्या लाल-पिवळ्या रंगांत काय आहे, हे कुणीच सांगू शकणार नाही. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमागे जो नरसाळ्यासारखा भाग असतो, त्याच्या काचेत वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास शिसं असतं. लोणचं, चिंचेचं सार, ताक ज्यात राहणार त्या भांड्यावर ती काच म्हणजे घरात विष ठेवणं. सेल तर फोडूही नकोस. बिअरच्या बाटलीची गोष्ट वेगळी, हे मान्य करते. बाटलीची काच सगळीकडे जवळपास सारखीच असते: सुमारे 70 टक्के सिलिका, बाकी मुख्यतः सोडा आणि चुना, आणि बाटल्या काही संपत नाहीत. म्हणजे ती माझ्या कसोटीला उतरते. फक्त त्या सोड्यामुळे ही काच निवताना मातीहून जास्त आकसते आणि ग्लेझवर बारीक भेगांचं जाळं पडतं. म्हणून ती एकटी लावू नकोस. चिनी माती आणि गारेची पूड यांच्या जोडीला थोडीच घाल.

तू म्हणशील, आपले कुंभार तरी कुठे पिशवीबंद माल आणत होते? हाताला लागेल त्यावरच त्यांचं काम चाललं. आक्षेप रास्त आहे, पण नीट पाहिलं तर तो माझ्याच बाजूचा निघतो. कुंभाराची माती वर्षानुवर्षं त्याच तळ्याची, त्याच ओढ्याची. ती स्थानिक होती, सटरफटर नव्हती. शिवाय त्याची भट्टी 700 ते 900 अंशांपलीकडे सहसा जात नव्हती आणि त्याचं मडकं बिनग्लेझचं. त्याला न पडलेला प्रश्न तुला पडला आहे. त्याच्याकडून घ्यायचीच तर वाटेतलं उचलण्याची नव्हे, एकाच जागेला धरून राहण्याची सवय घे. बारामती-इंदापूर पट्ट्यात अशा जागा तुला मुबलक आहेत. छत्रपती साखर कारखाना दाराशी, माळेगाव आणि सोमेश्वर पलीकडे. हंगामात बॉयलरखालून चिपाडाच्या राखेचे ढीग निघतात. ऊस गवताच्या कुळातला, त्यामुळे त्याच्या राखेत सिलिका भरपूर. ही राख ग्लेझला घट्ट, दुधाळ करते. वेड्या बाभळीची राख नेमकी उलटी वागते. तिच्यात चुना जास्त, म्हणून ती वितळवते, ओघळते. दोन्ही एकाच डब्यात ओतलीस तर दोन्ही वाया. इंग्लंडच्या कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी यांनी झाडाझाडाची राख वेगळी जाळून, वेगळी लावून, प्रत्येकीचा निकाल नोंदवला. तुला तेच करायचं आहे, फक्त ऊस आणि बाभूळ घेऊन. राख घेताना बॉयलरमध्ये चिपाडाबरोबर आणखी काही जाळलं का, ते विचार. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली त्या मानाने निर्भेळ, पण तिथेही एखादा टायर गेला नाही ना, याची खात्री कर. आणि खडी क्रशरची भुकटी विसरू नकोस. आपला काळा पाषाण म्हणजे निम्मी सिलिका, बाकी अॅल्युमिना, लोह, चुना, मॅग्नेशिया. 1200 ते 1250 अंशांत तो स्वतःच वितळून काळपट तपकिरी काच होतो. अर्थात तेवढा ताप सोसणारी स्टोनवेअरची माती तुला बाहेरूनच आणावी लागेल, विटेची माती तिथे बसकण मारते.

यावर आणखी एक शंका निघते: खाणीतला मालसुद्धा संपतोच की. संपतो. अमेरिकेत अल्बनीची एक माती होती, नुसती पाण्यात कालवून लावली तरी 1250 अंशांच्या आसपास तिचं तपकिरी ग्लेझ होई. 1980 च्या दशकात ती मिळेनाशी झाली आणि तिच्यावर उभी असलेली कितीतरी सूत्रं एकदम लंगडी पडली. पण तिच्यात काय किती आहे हे छापलेलं होतं, म्हणून दुसरी माती घेऊन तिची जागा भरता आली. बांगड्यांच्या पोत्याची जागा कशाने भरशील? गिऱ्हाईक सहा वाट्या नेईल आणि दिवाळीला आणखी सहा मागेल, तेव्हा हा प्रश्न तुझ्यापुढे येईल. एकदाच घडणाऱ्या रंगाची मजा मलाही कळते. ती भिंतीवरच्या फरशीवर खुशाल कर (टीव्हीची काच वगळून), जेवणाच्या ताटात नको.

धुळीबद्दल मात्र वाद घालू नकोस. काच किंवा गार मिक्सरमध्ये कोरडी फिरवायची नाही, नेहमी पाण्यात. घरचा जुना व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. बारीक सिलिका त्याच्या पिशवीतून आरपार जाऊन खोलीभर उडते आणि फुप्फुसात जी बसते ती निघत नाही. फरशी ओल्या फडक्याने पूस, तोंडाला ओढणी नव्हे, एन-95 मास्क बांध. राखेच्या पाण्यात हात घालताना रबरी मोजे घाल. आणि ग्लेझला लागलेली रवी, मिक्सरचं भांडं, चमचा यांतलं काहीही स्वयंपाकघरात परत जाणार नाही. त्यांवर लाल रंगाचा पट्टा ओढून ठेव, म्हणजे तुझ्या आईच्या हातून चूक होणार नाही.

खाण्याच्या भांड्याचं प्रत्येक नवं ग्लेझ रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून पाहा. रंग उडाला किंवा चकाकी गेली तर ते बाद. तसंच राहिलं म्हणजे निर्धोक, असं मात्र समजू नकोस. शिशाची खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते, 4 टक्के ॲसिटिक आम्लात 24 तास ठेवून. विक्रीला काढण्याआधी एक वाटी तिथे पाठव. निर्मला पटवर्धन यांचं 'न्यू हँडबुक फॉर पॉटर्स' मिळवून वाच. हंगाम सुरू झाला की कारखान्यातून एकदाच मोठं पिंप भरून राख आण, सगळी एकत्र कालवून चाळ, आणि पिंपावर तारीख, कारखान्याचं नाव, इंधन लिही. ते पिंप अर्धं झालं की पुढच्या हंगामाची राख आणून जुनीच्या शेजारी तिच्या चाचण्या लाव. जुनी शिल्लक असेपर्यंतच दोघींतला फरक ताडून सूत्र जुळवता येईल. बांगड्या भंगारवाल्याला परत दे, टीव्हीची काच आणि सेल ई-कचरा घेणाऱ्यांकडे.

तुझी,
आत्या