गिअर केव्हां बदलावा?

अमेरिकेंत १९४० च्या ओल्ड्समोबाइल मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ ही आपोआप गिअर बदलणारी योजना आली. तींत तेलाचे दोन दाब झगडत: एक गाडीच्या वेगाबरोबर वाढे, दुसरा अ‍ॅक्सिलरेटरबरोबर. पहिला वरचढ झाला कीं झडप सरकून वरचा गिअर पडे.

आम्हीं हें कागदावर मांडून पाहिलें. समजा, गिअर चढण्याचा व उतरण्याचा वेग एकच, ताशीं ३० मैल, धरला. घाटांत गिअर चढतांच ओढ घटते, वेग २९ वर येतो, गिअर उतरतो, पुन्हां चढतो. गाडी गचके खाते, आंतील घर्षणपट्टे झिजतात! यास्तव उतरण्याचा वेग कमी ठेवावा लागतो. फारच कमी ठेवल्यास मात्र एंजिन वरच्या गिअरांतच धापा टाकीत राहतें. योग्य अंतर प्रथम ब्रेकाचा भार लावलेल्या परीक्षामंचावर व अखेर खऱ्या चढावरच ठरतें.