नुसते पाहणाऱ्याचाही वाटा



धानाची कापणी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत मंडई भरते, नाटके रंगतात. याच दिवसांत कुठे जंगलाच्या आडोशाला कोंबडबाजारही भरतो. कोंबड्याच्या पायाला काती बांधतात, पैजा लागतात आणि एक कोंबडा रक्तबंबाळ होऊन पडेपर्यंत आरडाओरड चालते. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने हा गुन्हा आहे. तरी तो चालतो, कारण पाहणारे जमतात.

प्राचीन रोममध्ये माणसांनाच झुंजवत. संत ऑगस्टिन आपला मित्र अलिपियस याची हकिकत सांगतात. सोबत्यांनी त्याला ओढून आखाड्यात नेले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण गर्दीची आरोळी उठताच ते उघडले. रक्त पाहून त्यालाही नशा चढली. पुढे तो स्वतः इतरांना तेथे नेऊ लागला. हाच अलिपियस नंतर ख्रिस्ती झाला आणि बिशपही झाला.

सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये या झुंजींविरुद्ध फर्मान काढले, पण खेळ कित्येक दशके सुरूच राहिले. इतिहासकार थिओडोरेट लिहितो, की टेलेमाखस नावाचा संन्यासी आखाड्यात उतरून झुंज थांबवू लागला, तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांनीच त्याला दगडांनी ठार केले. त्यानंतर सम्राट होनोरियसने हे खेळ बंद केले. ही घटना इ. स. ४०४ च्या सुमाराची मानतात. साम्राज्याची ओढाताण हेही झुंजी संपण्याचे एक कारण होते. पण ख्रिस्तसभेने पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांच्या विवेकाला साद घातली, हे विसरता येत नाही.

आपल्या विदर्भाच्या गाडगेबाबांनीही (१८७६–१९५६) हीच वाट धरली. हाती खराटा घेऊन ते आधी गाव झाडत. रात्री कीर्तनात साधे प्रश्न विचारत आणि देवाच्या नावाने बोकड-कोंबडी कापू नये, हे उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. त्यांच्याजवळ ना फर्मान होते, ना शिपाई.

“आम्ही पैज लावत नाही, नुसते पाहतो,” असे आपण म्हणतो. अलिपियसही नुसता पाहायलाच बसला होता. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण (क्र. २४१८) सांगते. त्या यातनांवर टाळ्या पिटणे तरी कसे शोभेल?

कौटुंबिक प्रार्थनेत विचार करू या:
१. दुसऱ्याच्या वेदनेची मजा आपण कुठे कुठे घेतो? कोंबडबाजारात, रस्त्यावरच्या भांडणात की मोबाईलवर?
२. आपल्यासोबत मुलांनाही तेथे नेतो का?