फोटो काढ, पण खिळ्याचा!

अगं, ॲमस्टरडॅमचं बुकिंग झालं म्हणालीस आणि पाठोपाठ विचारलंस, "ताई, फोनचं स्टोरेज वाढवून घेऊ का?" तेव्हाच ठरवलं, तुझी बॅग भरून व्हायच्या आत तुझ्याशी जरा निवांत बोलायचं.

घाबरू नकोस, 'फोन खिशात ठेव आणि नुसतं बघ' असलं शहाणपण मी शिकवणार नाहीये. एवढे पैसे खर्च करून, एवढ्या लांब जाऊन हाताची घडी घालून उभं राहणं कोणाला जमतं? फोटो काढ, खुशाल काढ. फक्त कशाचा काढायचा, एवढंच आपण आधी बोलून घेऊ.

तिथल्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' हे चित्र आहे, १६४२ सालचं. जवळजवळ पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद. तू पोचशील तेव्हा समोर ही गर्दी असणार, आणि प्रत्येकाचा हात वर. आता गंमत ऐक. या चित्राचा एक फोटो संग्रहालयानेच जानेवारी २०२२ मध्ये नेटवर ठेवलाय. ८,४३९ छायाचित्रं जोडून केलेला, ७१७ गिगापिक्सेलचा! त्यातला एक पिक्सेल म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. घरी सोफ्यावर बसून तो फुकटात बघता येतो. मग लोकांच्या डोक्यांवरून, तिरका, वर दिव्याची तिरीप आलेला तुझा फोटो कशाला हवाय? अख्ख्या चित्राची नोंद ठेवायचं काम त्या लोकांनी करून ठेवलंय. तुझ्या डोक्यावर तो भार नाही.

तुझं काम वेगळं आहे. त्या चित्रात तुला एकटीला काय दिसलं, ते शोधायचं. 'नाइट वॉच'मध्ये पुरुषांच्या त्या धांदलीत एक पिवळ्या झग्यातली मुलगी आहे. तिच्या कमरेला चक्क मेलेली कोंबडी लटकतेय, नख्या वर करून. आणि मधल्या कॅप्टनने हात पुढे केलाय ना, त्या हाताची सावली शेजारच्या माणसाच्या पिवळ्या कोटावर पडलीय. त्या सावलीचा फोटो काढ की!

तिथेच व्हर्मीरची दूध ओतणारी बाई आहे, साधारण १६६० ची. चित्र एवढंसं, उंची पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास. सगळे दुधाच्या धारेचा फोटो काढतात. तू जरा वर बघ. रिकाम्या पांढऱ्या भिंतीवर एक खिळा आहे, त्याची इवलीशी सावली आहे, आणि आधी उपटलेल्या खिळ्यांची भोकंसुद्धा आहेत. तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा कळलं, की व्हर्मीरने बाईच्या मागे चंबू टांगायची फळी रंगवायला घेतली होती आणि नंतर ती रंगाने झाकून टाकली. म्हणजे सामान काढलं, भिंत मोकळी केली आणि खिळा मात्र ठेवला! कशासाठी ठेवला असेल, यावर दोन मिनिटं डोकं चालव. मग काढ त्या खिळ्याचा फोटो. तो तुझा.

हे नुसतं माझ्या मनचं नाही हं. लिंडा हेंकेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. 'फोनमध्ये आहे की' म्हणून मन मोकळं होतं ना, तसंच काहीसं. पण ज्या वस्तूंच्या एकाच भागाचा झूम करून फोटो काढला, त्यांची आठवण शाबूत राहिली. भोवतालचा, फोटोत न आलेला भागही लोकांना आठवत होता. कारण उघड आहे. कुठला भाग घ्यायचा, हे ठरवण्यासाठी आधी नीट बघावं लागतं.

आता दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. आधी चित्राशेजारच्या पाटीचा फोटो, मग चित्राचा. हा क्रम मोडू नकोस, नाहीतर घरी आल्यावर कुठलं चित्र कोणाचं, याचा पत्ता लागत नाही. फोनची काच ओढणीने पूस. चित्रावरच्या काचेत तुझंच प्रतिबिंब दिसलं, तर एक पाऊल बाजूला सरक. फ्लॅश आणि शटरचा आवाज दारातच बंद कर. फ्लॅशने चित्रावर पांढरा डाग येतो आणि शेजारच्याचे डोळे दिपतात. कागदावरची चित्रं आणि जुनी वस्त्रं रंग उडू नयेत म्हणून मुद्दाम मंद उजेडात ठेवतात, ५० लक्सच्या आसपास. तिथे डोळे सरावायला वेळ दे.

सेल्फी स्टिक घरीच ठेव, तिकडे चालत नाही. आणि फोटोसाठी मागे मागे सरकू नकोस, कशावर टेकूही नकोस. २०२० मध्ये इटलीत पोसान्योच्या संग्रहालयात एक पाहुणा फोटोसाठी शिल्पकार कानोव्हाने केलेल्या पाओलिना बोनापार्टच्या प्लास्टरच्या पुतळ्यावर टेकला आणि तिच्या पायाची बोटं मोडून बसला!

राइक्सम्युझियमच्या जवळच, त्याच चौकात, व्हॅन गॉगचं संग्रहालय आहे. तिथे दालनांत फोटोला मनाई असेल, तर गार्डशी हुज्जत घालू नकोस, चोरून तर मुळीच काढू नकोस. एक छोटी वही आणि पेन्सिल जवळ ठेव. चित्रकला येत नाही म्हणून लाजू नकोस, राइक्सम्युझियमने तर २०१५ मध्ये लोकांना 'फोटोऐवजी चित्र काढा' म्हणून आग्रहच धरला होता. व्हॅन गॉगची चार सूर्यफुलं वाकडी-तिकडी काढलीस, तरी पाकळ्या कुठे गळल्यात ते कळतं.

राहिला फॅमिली ग्रुप. सासूबाई विचारणार, काकू विचारणार, "फोटो कुठेत?" त्यांना एक छान हसरा फोटो इमारतीबाहेर काढून पाठव, विषय संपला. आत दोघांचे पन्नास फोटो काढायला नवऱ्याला लावलंस, तर टूरवाल्यांनी दिलेला वेळ तिथेच संपेल आणि भांडण होईल ते वेगळंच.

आणि जायच्या आधी सराव कर. एखाद्या रविवारी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. फोटोचे नियम दारातच विचारून घे. तिथली लघुचित्रं बघ, तळहाताएवढ्या जागेत केवढा संसार मांडलेला असतो! एका चित्रापुढे पाच मिनिटं थांब, एक कोपरा निवड, एकच फोटो काढ. पहिल्यांदा ती पाच मिनिटं जाता जात नाहीत, तेवढं सोस.

मला ॲमस्टरडॅमहून पन्नास फोटो पाठवू नकोस, एकच पाठव. आणि असा पाठव, की तो बघून मी लगेच फोन करून विचारलं पाहिजे, "अगं, हे नक्की काय आहे?"