अंध विद्यार्थ्यांसाठी ब्रेल टिपणयंत्रे : निवड कशी करावी

धार आणि देवास या माळव्यातील जुन्या पवार संस्थानांच्या राजधान्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांची मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत बहुधा हिंदीतून शिकतात. अशा घरातील मूल दृष्टिहीन असेल, तर त्याने दोन्ही भाषांचे वाचन-लेखन कशाने करावे, हा प्रश्न पालकांपुढे आणि शिक्षकांपुढे उभा राहतो. अलीकडे त्यावर उपाय म्हणून विजेवर चालणारी, दप्तरात मावणारी टिपणयंत्रे सुचविली जातात. परंतु या यंत्रांच्या किमतींत व गुणांत एवढे अंतर आहे की, केवळ जाहिरातीवरून निवड केल्यास पैसा खर्च होतो आणि यंत्र मात्र कपाटात पडून राहते.

बोटांनी ओळखणे ही देवासच्या नागरिकांना अपरिचित गोष्ट नव्हे. त्यांच्या गावात १९७० च्या दशकात सुरू झालेल्या बँक नोट मुद्रणालयात चलनी नोटा छापल्या जातात. १९९६ साली आलेल्या महात्मा गांधी मालिकेपासून अंधांच्या सोयीसाठी नोटांवर उठावदार शाईची चिन्हे देण्यात आली. शंभराच्या नोटेवर त्रिकोण आणि पाचशेच्या नोटेवर वर्तुळ असते. नोट जुनी झाली की हा उठाव झिजतो, हे खरे. पण तत्त्व तेच आहे.

फ्रान्समधील लुई ब्रेल यांनी १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या लिपीत प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या एका घरात बसते. भारतात पूर्वी प्रांतोप्रांती वेगवेगळ्या ब्रेल लिपी प्रचलित होत्या. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' स्वीकारण्यात आली. तिचा धार-देवासच्या मुलाला होणारा लाभ मोठा आहे. मराठीतील 'क' आणि हिंदीतील 'क' यांचे ठिपके एकच आहेत. एकदा लिपी शिकलेले बोट दोन्ही भाषा वाचते. मात्र डोळस लिपीहून तिची मांडणी वेगळी आहे. प्रत्येक काना-मात्रेला स्वतंत्र घर लागते आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते. त्यामुळे 'धार' या दोन अक्षरांना तीन घरे आणि 'देवास' या तीन अक्षरांना पाच घरे लागतात. यंत्राची निवड करताना हा हिशेब उपयोगी पडणार आहे.

यंत्रांपूर्वीची साधने आजही कामाची आहेत. ब्रेल पाटी व टोचा यांनी कागदाच्या मागील बाजूने टोचावे लागते. म्हणून लिहिणे उजवीकडून डावीकडे आणि वाचणे डावीकडून उजवीकडे. हे साधन स्वस्त आहे, त्याला वीज लागत नाही आणि बिघडण्यासारखे त्यात काहीच नाही. १९५१ साली बाजारात आलेल्या पर्किन्स ब्रेलरने सहा कळा एकदम दाबून पूर्ण अक्षर उमटविता येते आणि लिहिलेले लगेच वाचता येते. पण त्याचे वजन पाच किलोच्या जवळपास आहे आणि वर्गात त्याचा खडखडाट होतो. शिवाय जाड ब्रेल कागदामुळे छापील एका पुस्तकाचे कित्येक खंड होतात. खेड्यातून दररोज बसने शाळेत येणाऱ्या मुलाने हे ओझे न्यावे तरी कसे?

या अडचणीतूनच विद्युत टिपणयंत्रे निघाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत टेलिसेन्सरी कंपनीचे 'व्हर्साब्रेल' आले. त्यात मजकूर कॅसेटवर साठे आणि वीस घरांच्या ओळीत ठिपके वर-खाली होऊन तो बोटांखाली येई. १९८७ साली आलेले 'ब्रेल अँड स्पीक' एखाद्या पुस्तकाएवढे लहान होते. त्यात ब्रेलच्या कळांनी लिहावयाचे आणि यंत्राच्या आवाजात ऐकावयाचे, अशी व्यवस्था होती; वाचण्यासाठी ठिपके नव्हते. २००० साली आलेल्या 'ब्रेलनोट'मध्ये ठिपके आणि आवाज ही दोन्ही साधने एकत्र झाली. त्या घराण्याच्या २०१६ च्या 'ब्रेलनोट टच' या यंत्रात पत्रव्यवहार, दिनदर्शिका, पुस्तके असे सर्व काही होते. परंतु किंमत पाच हजार डॉलरांहून अधिक होती.

एवढ्या किमतीचे कारण ठिपक्यांच्या मागील यंत्रणेत आहे. नेहमीच्या रचनेत प्रत्येक ठिपक्यामागे एक विशेष पट्टी असते. विजेचा दाब दिला की ती किंचित वाकते आणि बारीक खिळा वर ढकलते. संगणकी ब्रेलच्या एका घरात आठ ठिपके, म्हणजे आठ पट्ट्या. साहजिकच घरांच्या संख्येबरोबर किंमतही चढत जाते. ही रचना टाळून वेगळ्या पद्धतीने ठिपके उचलणारे 'ऑर्बिट रीडर २०' हे वीस घरांचे यंत्र परदेशात पाचशे डॉलरांच्या आत मिळू लागले. मुंबईच्या इनोव्हिजनने 'ब्रेल मी' हे वीस घरांचे यंत्र बनविले, तर २०१९ साली आय.आय.टी. दिल्लीच्या पुढाकाराने तयार झालेले 'डॉटबुक' पुढे आले. स्वस्त यंत्रांना मर्यादा आहेतच. ऑर्बिटचे ठिपके बदलताना आवाज होतो आणि ओळ बदलण्यास थोडा वेळ लागतो. त्याच्या पहिल्या आवृत्तीत बोलण्याची सोय नव्हती आणि ब्रेलमध्ये लिहिलेले टिपण देवनागरीत आणण्यासाठी ते संगणकाकडे न्यावे लागे.

आता घरांचा हिशेब पाहू. 'देवास जिल्ह्यातील शाळा' हे शब्द ब्रेलमध्ये लिहिले, तर जोडाक्षरांतील पाय मोडण्याच्या खुणा धरून पहिल्या दोन शब्दांना सतरा घरे लागतात. वीस घरांच्या ओळीत 'शाळा' बसत नाही. मुलाला कळ दाबून पुढची ओळ आणावी लागते. बत्तीस घरांच्या यंत्रात तिन्ही शब्द बसून जागा उरते. गोष्ट वाचणाऱ्यास वीस घरांनी फारसे अडत नाही. गणितातील लांब समीकरण किंवा तक्ता वाचणाऱ्यास मात्र अडते. म्हणून शाळकरी मुलासाठी वीस घरांचे साधे यंत्र पुरेसे आहे आणि महागडे यंत्र महाविद्यालयात किंवा नोकरीत गेलेल्यासाठी राखावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिलीच्या मुलाला तर आधी पाटी-टोचाच द्यावा.

"आता मोबाईल बोलतो, मग ब्रेल कशाला?" असा प्रश्न काही अधिकारी विचारतात. बोलणारा मोबाईल उपयुक्त आहेच. त्याच्या काचेवर सहा बोटांनी ब्रेल टंकित करण्याची सोयही आता विनामूल्य मिळते. पण केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाला 'दिन' आणि 'दीन' यांतील भेद कळणार कसा? उच्चारात हे शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. बोटांखाली मात्र ऱ्हस्व इकाराचे ठिपके दुसरा व चौथा, तर दीर्घाचे तिसरा व पाचवा असतात. चूक लपत नाही. शुद्धलेखन, परिच्छेद, विरामचिन्हे हे सारे वाचनातून येते, ऐकण्यातून नव्हे. डोळस मुलाला पुस्तकाऐवजी केवळ रेडिओ देऊन कोणी साक्षर म्हणणार नाही.

खरेदीच्या वेळी पाहावयाची सर्वांत महत्त्वाची बाब जाहिरातीत क्वचितच ठळक असते : यंत्राला भारती ब्रेल येते काय? काही परदेशी यंत्रे इंग्रजी ब्रेल उत्तम जाणतात आणि देवनागरी मजकूर आला की निरर्थक ठिपके उमटवितात. संगणकावर २००६ पासून विनामूल्य मिळणाऱ्या एन.व्ही.डी.ए. या वाचक प्रणालीत मराठी व हिंदी ब्रेलचे तक्ते आहेत. साधे यंत्र अशा संगणकास जोडले तरी बरेच काम निभावते. शाळांनी आणि कार्यालयांनी यंत्र स्वीकारण्यापूर्वी ब्रेल जाणणाऱ्या व्यक्तीसमोर 'ळ', 'ज्ञ', 'क्ष' आणि एखादे जोडाक्षर असलेले वाक्य त्यावर लिहून व वाचून घ्यावे. तेच वाक्य देवनागरीत छापून डोळस शिक्षकाला वाचता येते की नाही, हेही पाहावे. वर्गातील उत्तर शिक्षकाला तपासता आले नाही, तर यंत्र असूनही मूल लेखनिकावरच अवलंबून राहील.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ अन्वये चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व योग्य साहाय्यक साधने विनामूल्य पुरविण्याची तरतूद आहे. १९८१ पासून चालू असलेली केंद्र शासनाची साहाय्यक साधनांची 'एडिप' योजनाही आहे. पालकांनी दिव्यांगत्व प्रमाणपत्र घेऊन जिल्हा कार्यालयात अर्ज करावा आणि अर्जात केवळ 'ब्रेल यंत्र' असे न लिहिता 'भारती ब्रेलसह मराठी व हिंदी वाचणारे' असे स्पष्ट लिहावे. परीक्षेत यंत्र वापरावयाचे असल्यास मुख्याध्यापकांनी मंडळाला वेळेवर कळवावे.

यंत्र घरी आल्यावर त्याची निगाही राखावी लागते. उन्हाळ्यात माळव्यातील धूळ आणि बोटांचा तेलकटपणा ठिपक्यांच्या छिद्रांत बसतो व खिळे अडकू लागतात. वाचण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत, वापर नसताना झाकण घालावे आणि छिद्रांत पाणी किंवा तेल कधीही घालू नये. वीज जाण्याच्या वेळा लक्षात घेऊन रात्रीच घट भरून ठेवावा. टिपणांची एक प्रत दर आठवड्यास शाळेच्या संगणकावर उतरवून घ्यावी.