शिंगाचे धनुष्य



पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल शिवाजीनगरनंतर खडकीला थांबते. येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. त्यापूर्वी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, याच परिसरात पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. तीतही तोफा धडाडल्या. काडतुसात रासायनिक ऊर्जा साठवलेली असते. पण बंदुकीची दारू माहीत नव्हती, तेव्हा ऊर्जा कशात साठवीत? वाकवलेल्या धनुष्यात! हात ती सावकाश भरतो, धनुष्य ती क्षणात बाणाला देते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार पदार्थांची धनुष्ये सांगितली आहेत. ‘शृंग’ म्हणजे शिंग. त्यावरून शिंगाचे ते ‘शार्ङ्ग’. विष्णूच्या धनुष्याचे नावही हेच. आशियात पुढे प्रसिद्धी पावलेले शिंगाचे धनुष्य मात्र नुसत्या शिंगाचे नसे. त्यात तीन थर असत. तीन कशासाठी?

करून पाहा : जाड खोडरबराच्या कडेवर शाईने समान अंतरावर उभ्या रेघा काढा आणि ते वाकवा. बाहेरच्या अंगाला रेघा फाकतात, आतल्या अंगाला जवळ येतात. मधोमध अंतर जवळजवळ बदलत नाही. म्हणजे बाहेर ताण, आत दाब आणि मध्ये उदासीन थर.

धनुष्यातही हेच घडते. लक्ष्याकडची बाजू ताणली जाते. तेथे कंडरा लावीत. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर. तो वाळवून, कुटून त्याचे तंतू सुटे करीत आणि सरसात भिजवून थरावर थर बसवीत. आपल्याकडची बाजू दाबली जाते. तेथे म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या चिकटवीत. मध्ये लाकूड. त्याच्यावर ताण-दाब कमी; त्याने दोन्ही थरांना योग्य अंतरावर धरून ठेवायचे. सरस वाळायला महिनेच्या महिने लागत. दोरी काढली की असे धनुष्य उलट्या बाजूला वळे. म्हणून दोरी चढवतानाच त्यात बराच ताण भरला जाई.

आता आकडे पाहू. तुटण्यापूर्वी एक किलोग्रॅम पदार्थ किती ऊर्जा साठवू शकतो? स्प्रिंगचे पोलाद सुमारे १३० जूल, शिंग सुमारे १५०० जूल आणि कंडरा सुमारे २५०० जूल! म्हणून हे धनुष्य आखूड असूनही जोरदार असे आणि घोड्यावरूनही वापरता येई.

समजा, दोरी ०.५ मीटर ओढताना बल शून्यापासून ३०० न्यूटनपर्यंत सारखे वाढत गेले. सरासरी बल १५० न्यूटन, म्हणून कार्य ७५ जूल. त्यांपैकी ६० जूल ३० ग्रॅमच्या बाणाला मिळाले, तर गतिज ऊर्जेच्या सूत्रावरून त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर येतो. गणित स्वतः करून ताडून पाहा.

मग असे धनुष्य सर्वत्र का वापरले गेले नाही? त्याचा शत्रू होता पाऊस. सरस ओलावा शोषून मऊ पडतो आणि थर सुटू लागतात. म्हणून वरून चामडे, साल किंवा रोगण यांचे आवरण देत. भारतात पोलादी धनुष्येही घडवली गेली. वजनाच्या मानाने पोलाद कमी ऊर्जा साठवते, पण शस्त्रागारातल्या दमट हवेत त्याचे थर सुटण्याची भीती नाही. सातपुड्यातल्या भिल्लांचे धनुष्य बांबूचे. सरस नाही, महिनोन्‌महिने थांबणे नाही. रानातला बांबू तोडावा आणि नवे करावे.

तेव्हा ‘सर्वांत चांगला पदार्थ कोणता?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या जागी आणि कोणत्या हवेत, हेही विचारले पाहिजे. काँक्रीटच्या तुळईत ताणाच्या बाजूला लोखंडी सळ्या घालतात, त्यामागे हाच विचार आहे.

तुमच्यासाठी प्रश्न : बांबूच्या सालीकडच्या भागात तंतू दाट असतात. हे तंतू ताण चांगला सोसतात. मग बांबूच्या धनुष्यात साल लक्ष्याकडे ठेवाल की आपल्याकडे? खोडरबरावरच्या रेघा आठवा आणि वर्गात कारणासह सांगा.